घरच्या वर्कशॉपमध्ये रायफलचं बॅरल काढायला कोणती अवजारं घ्यावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारे, स्वतःच्या रायफलचं काम स्वतः करणारे मराठी मित्र हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सगळ्या उत्तरांत एक सूत्र सापडेल. बॅरल ताकदीने निघत नाही, पकडीने निघतं. त्यामुळे पैसे आधी पकडीवर खर्च करायचे आणि लांब दांड्याचा विचार नंतर करायचा.

१. हे काम घरी करणं कायदेशीर आहे का?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात 'बंदूक' म्हणजे रिसीव्हर, ज्यात बॅरल आणि बोल्ट बसतात तो मुख्य सांगाडा. बॅरल हा सुटा भाग मानला जातो आणि तो सुटा विकतही मिळतो. स्वतःच्या रायफलचं बॅरल स्वतः बदलायला केंद्राचा वेगळा परवाना लागत नाही. दोन मर्यादा मात्र पक्क्या लक्षात ठेवा. १९३४च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्यानुसार रायफलचं बॅरल १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर ती आधी नोंदवावी लागते. दुसरी मर्यादा व्यवसायाची. इतरांच्या रायफली दुरुस्त करण्याचा धंदा करायचा असेल तर परवाना लागतो. राज्यांचे नियम वेगळे आणि काही ठिकाणी बरेच कडक आहेत, म्हणून आपल्या राज्याचा कायदा वाचल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

२. मी पुण्यात असतो, माझ्याकडे परवान्याची रायफल आहे. मी हे करू शकतो का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ खाली शस्त्राची निर्मितीच नव्हे, तर दुरुस्तीही परवान्याखाली येते. कलम ६ बॅरल आखूड करण्याबद्दल आहे. तुमच्याकडचा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, त्यावर काम करण्याचा नाही. रायफल परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच न्या. पुढची माहिती तुम्हाला त्याच्याशी बोलताना उपयोगी पडेल.

३. अगदी कमीत कमी काय लागतं?

आट्यांनी बसवलेल्या बॅरलच्या बोल्ट ॲक्शन रायफलसाठी चार गोष्टी लागतात: बॅरल व्हाइस, ॲक्शन रेंच (रिसीव्हर धरणारा पाना), टॉर्क पाना (पिळाचा जोर मोजणारा) आणि आपल्या काडतुसाचे हेडस्पेस गेज (काडतूस बसायच्या जागेची खोली तपासणारी मापकं). शिवाय हलणार नाही असं बाक. आटोपशीर आणि हलक्या बाकावर हे काम होत नाही. जोर लावला की बॅरलऐवजी बाकच फिरतं. व्हाइस जाड लाकडी खांबाला किंवा जमिनीत बसवलेल्या लोखंडी खांबाला बोल्टने आवळलेला हवा.

गेजला बरेच जण 'नंतर घेऊ' म्हणतात. ते का चुकीचं आहे, हे प्रश्न १५ मध्ये सांगितलं आहे.

अवजारं मांडण्याआधी मॅगझीन काढा, रायफलचा बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग स्टॉक, दुर्बीण, तिचे बेस आणि ट्रिगर उतरवा. रिसीव्हर आणि बॅरल एवढंच हातात राहिलं पाहिजे.

४. माझ्याकडे दणकट बेंच व्हाइस आहे. त्यातच बॅरल धरलं तर?

बेंच व्हाइसचे जबडे गोल बॅरलला फक्त दोन रेघांवर टेकतात. फॅक्टरीत आवळलेलं बॅरल सुटायला शंभर फूट-पौंडांहून बराच जास्त टॉर्क लागू शकतो, आणि तेवढ्याला या दोन रेघा पुरत नाहीत. बॅरल घसरतं, त्यावर चकचकीत ओरखडा उमटतो. मग माणूस जबडे आणखी आवळतो आणि पातळ स्पोर्टर बॅरल असेल तर ते दबण्याची भीती असते. काढायचं बॅरल भंगारात जाणार असेल तरीही मी हे सुचवणार नाही, कारण घसरलेल्या क्षणी सगळा जोर रिसीव्हरवर आणि तुमच्या मनगटावर येतो.

५. बॅरल व्हाइस निवडताना नेमकं काय बघायचं?

रचना साधी असते. दोन जाड पोलादी ठोकळे, मधे बॅरलच्या मापाचे बुशिंग, आणि ठोकळे आवळणारे बोल्ट. यात तीन गोष्टी बघा.

पहिली बोल्टची जाडी. अर्ध्या इंचाचे दोन बोल्ट हलक्या कामाला चालतात. घट्ट फॅक्टरी बॅरलसाठी पाच अष्टमांश इंच किंवा त्याहून जाड बोल्ट असलेला व्हाइस घ्या. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावलं की त्याच मेहनतीत पकड लक्षणीय वाढते.

दुसरी ठोकळ्याची रुंदी. बॅरलच्या लांबीच्या दिशेने ठोकळा जितका रुंद, तितका दाब पसरतो. दोन इंच बरा, तीन इंच उत्तम.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि लोक ती विसरतात: व्हाइस रिसीव्हरच्या किती जवळ आणता येतो. पकड आणि आटे यांच्यात सहा-आठ इंच बॅरल मोकळं राहिलं, तर ते ओलं कापड पिळावं तसं पीळ घेतं. तुम्ही पान्याला दिलेला झटका त्या पिळात विरून जातो, आट्यांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून रिसीव्हरच्या पुढे बॅरलचा जो सरळ, जाड भाग असतो, तिथेच पकडा.

हायड्रॉलिक जॅकवर चालणारे व्हाइसही मिळतात. व्यवसाय करणाऱ्याला ते परवडतात, वर्षाकाठी एखादं बॅरल बदलणाऱ्याला त्यांची गरज नाही.

६. बुशिंग लाकडाचं घ्यावं, ॲल्युमिनियमचं की पोलादाचं?

जुनं बॅरल जपून ठेवायचं असेल तर ओकसारखं कठीण लाकूड किंवा ॲल्युमिनियम. लाकूड बॅरलचा आकार घेतं आणि फिनिश खराब करत नाही, पण फार घट्ट बॅरलला ते चिरतं. ॲल्युमिनियमचं नेमक्या व्यासाचं बुशिंग हा माझ्या मते घरगुती कामासाठी सगळ्यात योग्य पर्याय आहे. पोलादी बुशिंगची पकड जबर असते, पण खुणा राहतात.

बॅरल निमुळतं असेल तर सरळ भोकाचं बुशिंग एका टोकालाच टेकतं. अशा वेळी निमुळतं बुशिंग लेथवर करून घ्यावं लागतं. किंवा सैल बुशिंगमध्ये गाडीच्या बॉडीची लांबी (पुट्टी) भरून, बॅरलला मेण लावून तिथेच साचा घेता येतो.

बुशिंग कोणतंही असो, रोझिन पावडर, म्हणजे राळेची भुकटी, वापराच. बॅरल आणि बुशिंग दोन्ही ॲसिटोनने तेलमुक्त करा, भुकटी भुरभुरा, मग आवळा. घसरणाऱ्या बॅरलच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. तेलाचा पुसटसा थर राहिला तरी राळेचा उपयोग होत नाही.

७. ॲक्शन रेंच बाहेरून पकडणारा घ्यावा की आत जाणारा?

बाहेरचा रेंच दोन तुकड्यांचा असतो आणि रिसीव्हरच्या पुढच्या रिंगला वेढा घालून आवळतो. आतला रेंच मागून, बोल्ट जातो त्याच वाटेने आत सरकतो आणि बोल्टच्या लगांसाठी (टोकाच्या कानांसाठी) असलेल्या खाचांमध्ये बसतो.

पहिल्यांदा निघणाऱ्या फॅक्टरी बॅरलसाठी मी बाहेरचा रेंच सुचवतो. तो जोर झेलतो, आणि बोल्टच्या वाटेला धक्का लागत नाही. एकदा बॅरल सुटलं आणि पुढे ते तुम्ही स्वतः माफक टॉर्कने बसवणार असाल, तर आतला रेंच फार सोयीचा. दुर्बिणीचे बेस काढावे लागत नाहीत, बाहेर खूण उमटत नाही, काम मिनिटांत होतं.

दोन्हींत एक नियम समान आहे: पकड पुढच्या रिंगवरच हवी. रिसीव्हरच्या मधल्या भागात एका बाजूला काडतूस बाहेर पडायची खिडकी आणि खाली मॅगझीनची खाच असते, म्हणजे तिथे धातू सगळ्यात कमी. मागून धरून पीळ दिला तर तो नाजूक भाग वाकू शकतो, आणि वाकलेला रिसीव्हर सरळ करणं हे घरचं काम नव्हे. आतला रेंच विकत घेताना त्याचं डोकं पुढच्या रिंगपर्यंत पोहोचतं का, हे मोजून बघा.

८. एकच रेंच सगळ्या रायफलींना चालतो का?

रिसीव्हरच्या आकारावर अवलंबून आहे. १९६२ साली आलेली रेमिंग्टन ७०० पूर्ण गोल आहे आणि तिच्या मापावर बेतलेल्या अनेक कस्टम ॲक्शनही तशाच, त्यामुळे एका गोल रेंचमध्ये पुष्कळ रायफली येतात. विंचेस्टर ७० आणि माउझर ९८ यांचा तळ सपाट आहे. त्यांना सपाट पट्टीचा रेंच लागतो. माउझरचा रिकॉइल लग (रायफलचा झटका स्टॉककडे देणारा कान) रिसीव्हरचाच भाग आहे. रेंचची पट्टी त्याच्यावर टेकून जोर येत नाही ना, हे आवळण्याआधी तपासा.

रेमिंग्टनचा रिकॉइल लग मात्र सुटी चकती आहे, बॅरल आणि रिसीव्हर यांच्यामध्ये दबलेली. बॅरल निघालं की ती हातात येते. परत बसवताना ती सरळ राहावी म्हणून लग अलाइनमेंट जिग आधीच आणून ठेवा.

९. माझी सॅव्हेज आहे. तिला हे सगळं लागतं का?

बरंचसं लागत नाही. सॅव्हेज ११०च्या घराण्यात बॅरल रिसीव्हरला खांद्याने टेकत नाही. आट्यांवर एक बॅरल नट असतो, तोच सगळं घट्ट धरतो. त्या नटच्या खाचांत बसणारा खास पाना आणि एक बरा बॅरल व्हाइस, एवढ्यात काम होतं. रिसीव्हर धरायला ॲक्शन रेंच असला तर उत्तम, कारण फॅक्टरीतले नट कधी कधी फारच घट्ट असतात. नव्या बॅरलच्या वेळी ॲक्शन स्वच्छ हवी, गेज हातात हवा आणि नट आवळताना बॅरल फिरता कामा नये.

स्वतः बॅरल बदलायला शिकायचं असेल तर सुरुवात अशा नटच्या रायफलीवर करावी, असं माझं ठाम मत आहे. रुगर अमेरिकनलाही नट आहे.

१०. एआर-१५चं बॅरल काढायला कोणता व्हाइस?

इथे व्हाइसमध्ये बॅरल धरायचं नसतं. अप्पर रिसीव्हर ॲल्युमिनियमचा असतो, बॅरल त्यात सरकवलेलं असतं आणि बाहेरून नट आवळलेला असतो. आधी गॅस ब्लॉक आणि गॅस ट्यूब (बॅरलमधला वायू मागे नेणारे भाग) काढा, कारण ट्यूब नटच्या खाचेतून जाते.

अप्पर धरायचे दोन मार्ग आहेत. एक, बाहेरून दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा प्लास्टिकचा ठोकळा. दुसरा, मागून आत जाणारी पोलादी कांडी, जी बॅरल एक्स्टेन्शनच्या, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाच्या, दात्यांत बसते. ॲल्युमिनियमवर पीळ येऊ द्यायचा नसेल तर कांडी जास्त चांगली, आणि मी तीच सुचवतो. नट बसवण्याचा लष्करी मापदंड ३० ते ८० फूट-पौंड, म्हणजे साधारण ४१ ते १०८ न्यूटन-मीटर आहे. आट्यांना मॉलिब्डेनमचं ग्रीस लावायचं. ग्रॅफाइटचं टाळा, ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यात ते गंजाला निमंत्रण देतं.

११. सगळं नीट आवळलंय, तरी बॅरल हलत नाही. आता काय?

क्रमाने जा. जोडावर पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस विसरून जा. मग पकड पुन्हा तेलमुक्त करून राळ लावा. तेल जोडावर हवं, बुशिंगमध्ये नाही.

त्यानंतर दांड्याला लोंबकळण्याऐवजी झटका द्या. दांड्यावर आधी थोडा ताण ठेवायचा आणि टोकाशी दोन-तीन पौंडांच्या हातोड्याने एक नेमका ठोका द्यायचा. सावकाश वाढणाऱ्या जोरापेक्षा अचानक आलेला धक्का आट्यांमधला घट्टपणा जास्त चांगला सोडवतो. दिशा पुन्हा एकदा तपासा: रिसीव्हरच्या मागे उभं राहून बघितलं तर रिसीव्हर घड्याळाच्या उलट फिरायला हवा.

दांड्याला लांब पाइप जोडण्याआधी हिशेब करा. दोन फुटांच्या दांड्यावर दीडशे पौंडांचा जोर म्हणजे तीनशे फूट-पौंड. पाइप लावून चार फूट केले की सहाशे. एवढ्यालाही जोड दाद देत नसेल तर उत्तर पाइपमध्ये नाही, प्रश्न १३ मध्ये आहे.

१२. टॉर्च लावून तापवलं तर?

नको. जुन्या रिसीव्हरचं पोलाद वरच्या थरात कठीण केलेलं असतं आणि बोल्टचे लग जिथे टेकतात तो भाग नेमका पुढच्या रिंगमध्येच असतो. घासलेलं पोलाद निळं पडू लागलं म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचलं. तिथवर गेलेल्या रिसीव्हरवर मी भरवसा ठेवणार नाही.

जोडात लाल थ्रेडलॉकर असल्याची खात्री असेल, तर तो सैल व्हायला साधारण २५० अंश लागतात. म्हणजे सुरक्षित अंतर फारच कमी उरतं. हीट गन, तापमापक आणि सबुरी हे तिन्ही असेल तरच तो विचार करा.

१३. रिलीफ कट म्हणजे काय? तो कधी करायचा?

जुनं बॅरल भंगारातच जाणार असेल तर हा सगळ्यात शहाणा उपाय. लेथवर बॅरल धरून, रिसीव्हरच्या (रेमिंग्टनमध्ये लगच्या) अगदी पुढे बॅरलमध्ये अरुंद खोबण घ्यायची. बॅरलचा खांदा रिसीव्हरला जो दाब देत असतो तो त्याने संपतो, आणि कालपर्यंत हट्ट धरून बसलेला जोड माफक जोराने सुटतो. बॅरल मात्र वाया जातं. घरी लेथ नसेल तर ओळखीच्या मशीन शॉपऐवजी गनस्मिथकडेच (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच) जा. रिसीव्हर आणि खोबण यांत काही हजारांश इंचांचंच अंतर असतं.

माउझर ९८चं बॅरल आतल्या रिंगवरही टेकतं, त्यामुळे बाहेरच्या खोबणीने तिथे पूर्ण सुटका होत नाही.

१४. आजोबांच्या काळातली लष्करी रायफल आहे. तिच्यावर हीच अवजारं चालतील?

अवजारं चालतील, पण आधी रायफल ओळखा. एम १९१७ एन्फील्ड तीन कारखान्यांत बनली: विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडीस्टोन. एडीस्टोनची बॅरलं फार जोराने आवळलेली असत आणि ती काढताना रिसीव्हरला तडे गेल्याची उदाहरणं जाणकारांत सर्वश्रुत आहेत. तिथे ताकद न लावता थेट रिलीफ कट करावा. बॅरल निघाल्यावर रिंग तड्यांसाठी तपासून घ्या.

१९०३ स्प्रिंगफील्डमध्ये, स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० क्रमांकाच्या आधीचे आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या आधीचे रिसीव्हर उष्णताप्रक्रियेतल्या दोषामुळे ठिसूळ निघालेले आहेत. अशा रिसीव्हरवर नवं बॅरल चढवू नका. ती रायफल भिंतीवर शोभते.

ली-एन्फील्डच्या बॅरलला चेंबरच्या वर सपाट पृष्ठ असतो. पकड तिथे घेतली तर घसरण्याचा प्रश्न राहत नाही. मात्र परत बसवताना तोच सपाट भाग बरोबर वर यायला हवा.

आणि मूळ अवस्थेतली, जुळणाऱ्या क्रमांकांची रायफल हाती आली असेल, तर तिचं बॅरल काढूच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

१५. बॅरल तर फक्त काढायचंय. हेडस्पेस गेज कशाला?

कारण काढलेलं बॅरल कधीतरी परत बसणार, आणि बसल्यावर चेंबरची खोली बरोबर आहे की नाही हे डोळ्याला दिसत नाही. .३०८ विंचेस्टरसाठी 'गो' गेज १.६३० इंच आणि 'नो-गो' १.६३४ इंच. फरक चार हजारांश इंचांचा. बोल्ट 'गो'वर बंद व्हायला हवा, 'नो-गो'वर व्हायला नको. तपासताना बोल्टमधून फायरिंग पिन, इजेक्टर आणि एक्स्ट्रॅक्टर काढून ठेवा, म्हणजे हाताला खरा स्पर्श कळतो. हँडल दोन बोटांनीच फिरवायचं.

तेच जुनं बॅरल त्याच रिसीव्हरवर चढवत असाल तरीही तपासा. हेडस्पेस चुकलेली रायफल काडतुसाची केस फाडू शकते, आणि त्या वेळी तुमचा चेहरा तिच्यापासून काही इंचांवर असतो.

१६. कार्बन फायबरचं किंवा पन्हाळी असलेलं बॅरल कुठे धरायचं?

कार्बनच्या गुंडाळीवर व्हाइस कधीच नाही. रिसीव्हरला लागून उघडं पोलाद असतं, पकड तिथेच. पन्हाळी बहुतेकदा थोडं अंतर सोडून सुरू होतात, तेव्हा त्यांच्या मागे धरा.

१७. माझ्या रायफलीत आटे दिसतच नाहीत.

सगळी बॅरलं आट्यांची नसतात. रुगर १०/२२चं बॅरल एका व्ही-ब्लॉकने आणि दोन स्क्रूंनी धरलेलं असतं, एक ॲलन की पुरते. एके-४७ प्रकारच्या रायफलीत बॅरल दाबून बसवून आडव्या पिनने अडवलेलं असतं. त्याला हायड्रॉलिक प्रेस लागतो, पीळ देऊन ते निघणार नाही.

१८. परत बसवताना किती टॉर्क द्यायचा?

बॅरल किंवा ॲक्शनच्या उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच. टार्गेट रायफली बांधणारे खांद्याच्या बॅरलला साधारण ६० ते १०० फूट-पौंड देतात, म्हणजे ८१ ते १३६ न्यूटन-मीटर. आट्यांना आणि खांद्याला अँटी-सीझ लावा. पुढच्या वेळी बॅरल काढायला सोपं जाईल.

१९. एकच बॅरल बदलायचंय. एवढी अवजारं विकत घ्यावीत का?

फॅक्टरीची घट्ट रायफल, एकच बॅरल आणि पुढे काही बेत नसेल तर नका घेऊ. गनस्मिथ ते काम अवजारांच्या किमतीहून बऱ्याच कमी पैशांत करतो. स्पर्धेसाठी नेमबाजी करत असाल, दर दोन-तीन हजार फैरींनंतर घशाशी (चेंबरच्या लगेच पुढे) झिजलेलं बॅरल बदलावं लागत असेल, तर हिशेब उलटा होतो. तेव्हा पहिलं घट्ट बॅरल गनस्मिथकडून सोडवून घ्या, नवं बॅरल ठरलेल्या टॉर्कने बसवून घ्या. मग स्वतःसाठी चांगला बॅरल व्हाइस, नेमक्या मापाचं ॲल्युमिनियम बुशिंग, आत जाणारा रेंच आणि गेजची जोडी घ्या. खरेदीचा क्रमही हाच ठेवा. पैसे कमी पडले तर रेंच एखाद्या क्लबातल्या मित्राकडून मागून आणता येतो. गेज मात्र स्वतःचेच हवेत, कारण मागून आणलेला गेज कधी खाली पडून टोकाशी चेपला असेल तर ते तुम्हाला कळणार नाही.